डाव्या अलिंदाची ओळ
(प्रस्तावना)

दिघीत कुणाची बायपास झाली की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "पंपिंग किती आहे?" साठ टक्के म्हटले की सगळे सैलावतात, पस्तीस म्हटले की आवाज खाली येतात. टू-डी इको ही तपासणी आमच्या किनाऱ्यावर घरोघरी माहीत झाली ती या एका आकड्यापुरती. श्रीवर्धनला जा, बोर्ली पंचतनला जा, म्हसळ्याला जा. कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी बाहेर येते, तिच्यातून इकोचा कागद निघतो आणि बोट थेट त्या टक्केवारीवर जाते. त्याच कागदावर, दोन-चार ओळी वर किंवा खाली, डाव्या अलिंदाचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याचे, माप लिहिलेले असते. तिथे बोट जात नाही. ही पुस्तिका त्या ओळीसाठी लिहिली आहे.

माझे वडील तांडेल होते. २०१३ च्या पावसाळ्यात, मासेमारी बंद होऊन होड्या शाकारून झाल्यावर, मुंबईत त्यांची बायपास झाली. मोसम बुडू नये म्हणून तो महिना त्यांनीच निवडला होता. त्याच्या वर्षभर आधी, २ जुलै २०१२ रोजी, राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती आणि त्या आठांत आमचा रायगड होता. आज तीच योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. शस्त्रक्रियेसाठी होडी गहाण पडली नाही ती या योजनेमुळे, आणि हे मी कधी विसरत नाही. बाबांचे पंपिंग ५५ होते. तिसऱ्या दिवशी आयसीयूत त्यांची नाडी काही तास वेडीवाकडी झाली, औषधाने सरळ झाली, आणि "ऑपरेशननंतर होतं असं" एवढ्यावर तो विषय संपला. आठव्या दिवशी ते घरी आले. तेराव्या रात्री म्हणाले, छातीत मासळी उडतेय. रात्री खाडीत फेरी नसते. गाडीने म्हसळ्यावरून माणगावला नेईपर्यंत त्यांच्या उजव्या हाताची पकड गेली होती. हात पुढे पुष्कळ सुधारला, पण जाळे विणायची सुई त्या बोटांत पुन्हा बसली नाही.

मी तेव्हा वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. इकोचा कागद माझ्याच बॅगेत होता. पुढे इको करायला शिकलो तेव्हा एके दिवशी तो काढून वाचला. डावे अलिंद, ४६ मिलिमीटर. पुरुषांत ते चाळीसच्या आत असावे लागते. ओळ तिथे होती. ती कुणी वाचली नव्हती, मीही नव्हती.

निरोगी हृदयात प्रत्येक ठोक्याची सुरुवात उजव्या अलिंदाच्या माथ्याशी असलेल्या एका इवल्याशा गाठीतून होते. तिथून निघालेला विजेचा संदेश दोन्ही अलिंदांवर, म्हणजे वरच्या दोन कप्प्यांवर पसरतो, ती आकुंचन पावतात, संदेश किंचित थबकतो आणि मग खालच्या निलयांना पोचतो. तांडेलाने हाक द्यावी आणि सगळ्या खलाशांनी एकदम दोर ओढावा, तसे. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, ज्याला डॉक्टर बोलताना ए-फिब म्हणतात, ही एक हाक उरत नाही. अलिंदाच्या भिंतीवर मिनिटाला ३५० ते ६०० विजेच्या लाटा वाटेल तशा फिरू लागतात. भिंत आकुंचन पावायची थांबते आणि नुसती थरथरते. त्यातले जे संदेश खाली झिरपतात त्यांना ना ताल ना अंतर. नाडी १२०-१५० वर जाते, दोन ठोके लागोपाठ, मग पोकळी, मग तीन घाईघाईने. निलयात रक्त भरताना अलिंदाचा जो शेवटचा रेटा असतो तो गेल्यामुळे भरणीचा जवळपास पाचवा हिस्सा घटतो. माणूस दमतो, घामाघूम होतो, रक्तदाब घसरतो. आणि डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखी एक पिशवी लटकलेली असते. तिच्यात रक्त तुंबते, गोठते, आणि त्यातला तुकडा सुटून मेंदूकडे गेला की बाबांना झाले ते होते.

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर हे फार जणांना होते. बायपासनंतर शंभरातल्या सुमारे तिसांना, झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर चाळिसांच्या आसपास, आणि दोन्ही एकाच वेळी केल्यास निम्म्यांपर्यंत. बहुतेकांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. शस्त्रक्रिया सुधारल्या, भूल सुधारली, टाके सुधारले, तरी हा आकडा कित्येक दशके फारसा हललेला नाही. बहुतेकांचा ताल काही दिवसांत, काही आठवड्यांत आपोआप किंवा औषधाने परत येतो. म्हणूनच "होतं असं" हे वाक्य इतक्या सहज तोंडात येते. पण ज्यांना ते होते त्यांचा रुग्णालयातला मुक्काम वाढतो, पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि पुढच्या वर्षांत ए-फिब परतण्याची शक्यताही वाढते. शंभरातल्या तिसांना जे होणार आहे, ते तीस कोणते हे आधी सांगता येईल का, हा या विषयाचा गाभा आहे.

३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळानंतर आमच्या सुपारीच्या बागा ज्यांनी पाहिल्या त्यांना हे समजावायला फार शब्द लागत नाहीत. वारा सगळ्या बागेला एकच होता. तरी एका ओळीतली पोफळ मुळासकट आडवी, तिच्या शेजारची उभी. हृदयाची शस्त्रक्रिया हे शरीरात उठलेले वादळच असते. छाती उघडल्यामुळे दाह होतो आणि तो दोन-तीन दिवसांत टिपेला पोचतो. ताण वाढवणारी संप्रेरके रक्तात उसळतात. पोटॅशियम, मॅग्नेशियम वरखाली होतात, शिरेतून दिलेले पाणी ऊतींत साचते आणि मग परत रक्तात येते, हृदयाभोवतीच्या पिशवीत थोडे रक्त जमून तिथले आवरण चिडते. हे सगळे थोड्याफार प्रमाणात प्रत्येक रुग्णाला सोसावे लागते. ताल कुणाचा मोडतो, हे वादळाआधी अलिंदाची अवस्था काय होती यावर पुष्कळसे ठरते. वय हा त्यातला सर्वांत मोठा घटक, कारण वयाबरोबर अलिंदाच्या स्नायूत तंतू माजतात आणि विजेची वाट तुटक होते. वर्षानुवर्षांचा रक्तदाब, लठ्ठपणा, फुप्फुसांचे जुने दुखणे आणि पूर्वी कधी येऊन गेलेला ए-फिब यांचाही त्यात हात असतो. पण वय आणि आजार हे पोफळीचे वय आणि जात विचारण्यासारखे झाले. मुळांकडे बघायला इको लागते.

इको ही तपासणी मुळात जन्मली तीच शस्त्रक्रियेआधीच्या एका प्रश्नातून, हे मला फार महत्त्वाचे वाटते. स्वीडनमधल्या लुंड शहरात इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. डाव्या बाजूची झडप आवळली आहे की गळते आहे, हे शस्त्रक्रियेआधी नेमके कळावे यासाठी ते साधन शोधत होते. त्यांना हेल्मुथ हर्ट्झ हे पदार्थवैज्ञानिक भेटले. हर्ट्झ यांचे वडील गुस्ताव्ह हे नोबेल मानकरी, आणि ज्यांच्या नावाने आपण रेडिओचे हर्ट्झ मोजतो ते हाइनरिश हे गुस्ताव्ह यांचे काका. हर्ट्झ माल्मो बंदरातल्या जहाजबांधणी कारखान्यात गेले. जहाजाच्या पोलादी पत्र्यांत आणि जोडांत कुठे भेग राहिली आहे का हे तपासायला तिथे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र वापरत. ते यंत्र त्यांनी आणून पाहिले, पुढे सीमेन्स कंपनीकडून एक यंत्र मिळवले, आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये हलत्या हृदयाचे पहिले प्रतिध्वनी नोंदले. १९७७ मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला. खाडीपलीकडे जंजिरा आणि अलीकडे मालवाहू जहाजांचा धक्का असलेल्या गावात वाढलेल्या मला, हृदयाचे हे यंत्र एका बंदरातून निघाले याचे अप्रूप आजही वाटते.

आमच्या गावकऱ्यांना त्याचे तत्त्व शिकवावे लागत नाही. होडीवरचा फिश फाइंडर तेच करतो. आवाज खाली सोडायचा, तो तळावरून किंवा मासळीच्या थव्यावरून आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, शरीराच्या मऊ ऊतींत १,५४० मीटर. फरक एवढा थोडा, कारण आपण बरेचसे पाणीच आहोत. फिश फाइंडर ५० किंवा २०० किलोहर्ट्झवर चालतो. ५० वर लाटेची लांबी तीन सेंटिमीटर पडते, मासळीला ती पुरते. झडपेच्या पापुद्र्याला पुरत नाही. म्हणून मोठ्या माणसाचे हृदय पाहताना दोन ते पाच मेगाहर्ट्झचा ध्वनी लागतो, ज्याची लाट मिलिमीटरहून लहान असते. छातीच्या आत पंधरा सेंटिमीटर जाऊन परत यायला त्याला एका सेकंदाचा पाच हजारावा भाग लागतो. बाबांच्या छातीवर प्रोब ठेवला तेव्हा पडद्याकडे बघून ते म्हणाले होते, "हा तर आपला फाइंडर."

आता त्या ओळीकडे येऊ. डावे अलिंद फुप्फुसांकडून आलेले शुद्ध रक्त साठवते आणि डाव्या निलयात सोडते. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने निलयाची भिंत जाड आणि ताठ झाली की ते नीट सैल होत नाही. पंपिंग उत्तम असते, कारण दाबण्याची ताकद शाबूत असते. अडचण भरण्यात असते. मग खाडीच्या तोंडाशी गाळ साचल्यावर आतले पाणी फुगते तसा दाब मागे अलिंदात चढतो, आणि पातळ भिंतीचे ते अलिंद हळूहळू ताणत जाते. एका दिवसाच्या वाढलेल्या रक्तदाबाने ते मोठे होत नाही, वर्षे लागतात. मधुमेहात तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी असते, तसे डाव्या अलिंदाचे आकारमान हे हृदयाने सोसलेल्या दाबाचे साठलेले खाते असते. ५५ टक्के पंपिंगच्या माणसाचा ताल का मोडतो, हे कोडे इथे सुटते.

हे माप घ्यायची पद्धतही महत्त्वाची आहे. बाबांच्या कागदावर होता तसा मिलिमीटरमधला एकच व्यास फसवू शकतो. अलिंदाच्या पुढे छातीचे हाड आणि मागे पाठीचा कणा, त्यामुळे पुढे-मागे वाढायला त्याला जागा नसते. ते उभे आणि आडवे वाढते. व्यास चाळीसच्या आत असूनही आकारमान दीडपट झालेली अलिंदे मी पाहिली आहेत. योग्य रीत अशी की दोन वेगवेगळ्या कोनांतून, झडप उघडण्याच्या अगदी आधी, अलिंद भरलेले असताना त्याची कड आखायची, त्यावरून मिलिलिटरमध्ये आकारमान काढायचे आणि शरीराच्या पृष्ठफळाने भागायचे. ३४ मिलिलिटर प्रतिचौरस मीटरपर्यंत सामान्य मानतात. भागाकार का करायचा ते एका उदाहरणाने सांगतो. ६० मिलिलिटरचे अलिंद १.९ चौरस मीटरच्या धिप्पाड माणसात ३२ च्या आत बसते. तेच पाच फूट तीन इंचाच्या, बावन्न किलोच्या, दीड चौरस मीटरच्या खलाशात ४० होते. २०१९ मध्ये १५ देशांतल्या सुमारे २,००० निरोगी माणसांची इकोची मापे प्रसिद्ध झाली, त्यांत भारतीयांच्या डाव्या निलयाचे आकारमान सर्वांत लहान भरले. परदेशी मापाच्या सदऱ्यात आपला माणूस सैल बसतो आणि निरोगी दिसतो. हे मी या पुस्तिकेत तीन ठिकाणी लिहिले आहे, कारण ते तीनदा सांगण्यासारखे आहे.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेआधी ज्यांचे हे माप ३२ च्या वर होते त्यांना नंतर ए-फिब होण्याचा धोका जवळपास पाचपट आढळला. आकारमानापलीकडे आणखी खुणा आहेत. डॉप्लर तंत्राने झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा आणि हलणाऱ्या स्नायूचा वेग मोजून अलिंदातल्या दाबाचा अंदाज येतो. ईसीजीवर अलिंदाच्या विजेची सुरुवात आणि इकोवर डाव्या भिंतीची हालचाल यांतला वेळ मोजला तर संदेश किती रेंगाळतो ते कळते. आणि अलीकडची सर्वांत बोलकी खूण म्हणजे स्ट्रेन: पडद्यावरच्या राखाडी ठिपक्यांचा माग काढून, भरताना अलिंदाची भिंत मूळ लांबीच्या किती टक्के ताणली जाते हे संगणक सांगतो. निरोगी माणसात ते ३९ टक्क्यांच्या आसपास असते. भिंतीत तंतू माजले की ताण घटतो, आणि तो आकार वाढण्याच्या आधी घटू लागतो. जाळे फाटण्याआधी सुताची लवचीकता जाते, हे ज्यांनी जाळी हाताळली आहेत त्यांना ठाऊक असते.

पण इको भविष्य सांगत नाही. लहानशा, लवचीक अलिंदाच्या माणसालाही तिसऱ्या दिवशी ए-फिब होतो आणि मोठ्या अलिंदाचा माणूस कधी सुखरूप घरी जातो. वय, आजार आणि इको एकत्र धरले तरी अंदाज मध्यम प्रतीचाच राहतो. संधिवाताच्या तापाने झडप आवळलेल्या रुग्णांत, आणि असे रुग्ण आपल्याकडे अजून आहेत, अलिंद आधीच प्रचंड झालेले आणि ताल बऱ्याचदा आधीच गेलेला असतो. त्यांच्यासाठी हा प्रश्नच वेगळा. छातीत हवा जास्त भरलेल्या विडी ओढणाऱ्यांची चित्रे अंधुक येतात आणि कड आखणाऱ्याचा हात बदलला की आकडा थोडा हलतो. हे सगळे मान्य करूनही मी म्हणतो की हा अंदाज घ्यावा, कारण त्यावरून करण्यासारखे पुष्कळ आहे.

बीटा ब्लॉकर ही गोळी आधीपासून चालू असेल तर ती शस्त्रक्रियेनंतर लवकरात लवकर पुन्हा सुरू करणे, हे तर सगळ्यांसाठी. अमिओडॅरोन धोका कमी करते, पण नाडी आणि रक्तदाब खाली आणते, म्हणून ती सरसकट देववत नाही. कुणाला द्यायची हे निवडायला अंदाज लागतो. न्यूयॉर्कमधल्या एका शल्यचिकित्सकांच्या गटाने ४२० रुग्णांवर केलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेच्या वेळीच हृदयावरणाला मागच्या बाजूने एक छेद दिला, म्हणजे साचणारे रक्त डाव्या फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत वाहून जाते. छेद दिलेल्यांत ए-फिब १७ टक्के, न दिलेल्यांत ३२ टक्के. इतक्या साध्या गोष्टीचा इतका फरक क्वचित दिसतो. उलट काही जुन्या सवयी टिकल्या नाहीत: पोटॅशियम ४.५ च्या खाली जाऊच द्यायचे नाही म्हणून वारंवार बाटल्या लावण्याची रीत २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत तपासली गेली, आणि ३.६ च्या खाली गेल्यावरच पोटॅशियम दिलेल्यांत ए-फिब वाढला नाही. आणि ए-फिब एकदा झालाच, तर २०२३ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तस्रावाची भीती नसल्यास रक्त पातळ करणारे औषध सुमारे साठ दिवस देणे आणि मग ताल पुन्हा तपासणे योग्य समजतात.

ते साठ दिवस रुग्ण कुठे असतो? परळला नसतो. मुंबईतल्या परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातले पहिले हृदय-प्रत्यारोपण केले; कोकणातला माणूस हृदयासाठी परळची वाट धरतो ती पिढ्यांपासूनची सवय आहे. पण टाके काढून तो परत येतो ते दिघीला, दिवेआगरला, आदगावला. मुंबईकराची नाडी तेराव्या रात्री बिघडली तर रिक्षाने ईसीजी गाठता येतो. इथे रात्री खाडी बंद, घाट ओला, आणि गाडी कुणाची मागायची हा पहिला प्रश्न. ज्याचे डावे अलिंद प्रतिचौरस मीटर चाळीस मिलिलिटरचे आहे आणि ज्याची तिसऱ्या दिवशी नाडी अडखळली, त्याला आठव्या दिवशी घरी पाठवताना 'घर' म्हणजे किती तासांचे अंतर, हे कागदावर लिहिले गेले पाहिजे. त्याला दोन दिवस जास्त ठेवता येतात. गुठळीच्या औषधाबद्दल निघण्याआधी स्पष्ट बोलता येते. घरच्या एका माणसाला नाडी धरायला शिकवता येते. यातल्या कुठल्याही गोष्टीला महाग यंत्र लागत नाही; ती ओळ वाचलेली असावी लागते, एवढेच.

म्हणून ही पुस्तिका तिघांसाठी आहे. शस्त्रक्रियेला निघालेल्या रुग्णाच्या घरच्यांसाठी, गावोगावच्या आशाताईंसाठी, आणि मुंबईहून आलेली फाईल ज्यांच्या टेबलावर येऊन पडते त्या इथल्या डॉक्टरांसाठी. घरच्यांनी शस्त्रक्रियेआधी पंपिंगबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: डाव्या अलिंदाचे आकारमान किती, आणि ते शरीराच्या मापाने भागले आहे का? आशाताईंसाठी नाडीचे प्रकरण चित्रांसह दिले आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटे, आणि पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायची सवय इथे चालत नाही, कारण अडखळणाऱ्या नाडीत प्रत्येक पंधरा सेकंद वेगळे असतात.

शेवटच्या पानावर तीस दिवसांचा तक्ता आहे, आणि त्याच्या आखणीमागे माझी आई आहे. बाबा त्या रात्रीनंतर सहा वर्षे जगले. रोज सकाळी चहाआधी आई त्यांचे मनगट हातात घेऊन बसायची. तिला आकडा सांगता येत नसे. "आज सरळ आहे" किंवा "आज अडखळतेय" एवढेच ती सांगायची. त्या सहा वर्षांत दोनदा तिने अडखळतेय म्हटले, दोन्ही वेळा श्रीवर्धनला नेऊन ईसीजी काढला, आणि दोन्ही वेळा ए-फिब होता, वेळेत सापडला. त्या तक्त्यात प्रत्येक तारखेसमोर नाडीच्या आकड्यासाठी एक चौकट आहे, आणि तिच्या शेजारी दोन शब्द छापले आहेत: सरळ, अडखळते. ज्यांना आकडा लिहिता येत नाही त्यांनी त्यातल्या एकावर खूण करावी.

दिघी,
नारळी पौर्णिमा